जुन्या टाकीत अमोनिया आला? आधी मोजा, मग बादली उचला

गणपतीला आम्ही सहा दिवस कोकणात होतो. घरी माशांची तीन फुटी टाकी होती, दोन वर्षं सुरळीत चाललेली. किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि सांगितलं, "रोज चिमूटभर दाणे घाला." परत आलो तर टाकीतलं पाणी दुधाळ झालेलं, चारही एंजल मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करत होते आणि कोपऱ्यातल्या गोट्यांवर फुगलेल्या दाण्यांचा थर साचला होता. काकूंनी मनापासून खाऊ घातलं होतं. त्यांची चिमूट पोळीच्या पिठात मीठ घालायची, माझी चिमूट मुंगीला पुरेल एवढी. हा फरक त्यांना समजावून सांगायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

त्या रात्री मी घाबरून जवळजवळ सगळं पाणी बदललं आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चकचकीत धुतला. दोन एंजल दुसऱ्या दिवशी गेले, तिसरा चौथ्या दिवशी. त्यांना अमोनियाने जितकं मारलं तितकंच माझ्या घाईने मारलं, हे कळायला मला बरेच महिने लागले. हा लेख त्यासाठी आहे. नवी टाकी पहिल्या महिन्यात अमोनियाने त्रास देते हे दुकानदारही सांगतात. पण सहा महिने, वर्ष, दोन वर्षं चाललेल्या टाकीत अचानक अमोनिया का येतो आणि आल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं, हे नवख्या माणसाला सहसा कुणी सांगत नाही.

पायरी पहिली: टाकीत नेमकं काय चाललंय ते समजून घ्या

मासा जे खातो त्यातल्या प्रथिनांत नायट्रोजन असतो, वजनाच्या साधारण १६ टक्के. शरीराला नको असलेला नायट्रोजन मासा मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. विष्ठेतून, कुजणाऱ्या दाण्यांतून, गळून पडलेल्या पानांतून आणि मेलेल्या माशातूनही तोच अमोनिया येतो. म्हणजे अमोनिया हा टाकीला झालेला आजार नव्हे. तो रोज, प्रत्येक तासाला तयार होतच असतो. चांगल्या टाकीत तो दिसत नाही, कारण तयार होताक्षणीच तो संपवणारे जिवाणू तिथे असतात.

हे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारी असतं. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, ते झाडं वापरतात किंवा आपण पाणी बदलून काढतो. अमोनियावर जगणाऱ्या अशा जिवाणूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांनी १८९०च्या सुमारास लावला. पुढे सव्वाशे वर्षं असंच मानलं जात होतं की हे काम दोन वेगवेगळे गट मिळून करतात. २०१५ मध्ये नायट्रोस्पिरा गटातले असे जिवाणू सापडले जे दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडतात, आणि त्यातला एक नमुना मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळाला होता. आपल्या काळ्या, बुळबुळीत स्पंजाकडे बघताना मला हे दरवेळी आठवतं.

दोन गोष्टी इथे पक्क्या लक्षात ठेवा. एक, हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंगा, वाळू, लाकूड, काच. म्हणून पाणी बदलल्याने ते जात नाहीत, पण स्पंज बदलल्याने जातात. दोन, ते फार सावकाश वाढतात. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतात, यांना चांगल्या परिस्थितीतही एक दिवसाच्या आसपास लागतो. म्हणून यांची वस्ती एकदा उद्ध्वस्त झाली की सावरायला दोन-चार आठवडे जातात.

तेव्हा जुन्या टाकीत अमोनिया मोजण्याइतका दिसला तर दोनच शक्यता असतात. एक तर आवक वाढली, नाहीतर संपवणारे कमी झाले. पुढचं सगळं यातलं नेमकं काय झालं ते शोधण्याबद्दल आहे.

पायरी दुसरी: मोजा, आणि नीट मोजा

पाणी स्वच्छ दिसतं म्हणून अमोनिया नाही असं होत नाही. मासे वर येऊन धापा टाकणं, कल्ले लालसर किंवा जांभळट दिसणं, पंख अंगाशी घट्ट धरून तळाशी पडून राहणं ही लक्षणं आहेत खरी, पण प्राणवायू कमी पडला किंवा पाण्यात क्लोरीन मिसळलं तरी मासे असंच वागतात. थेंबांचं टेस्ट किट घ्या. कागदी पट्ट्यांवर मी अमोनियासाठी विसंबत नाही. किटबरोबर पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा) मोजायची सोय हवीच, का ते पुढे येईल.

सॅलिसिलेट पद्धतीच्या किटमध्ये शून्याला पिवळा रंग येतो आणि अमोनिया वाढेल तसा हिरवा. पिवळा आणि अगदी फिकट हिरवा यात नवख्याचा हमखास गोंधळ होतो. त्यावर सोपा उपाय आहे: दुसऱ्या नळीत पिण्याचं आरओचं पाणी घेऊन तेच थेंब घाला आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात शेजारी धरा. रंग सारखा असेल तर टाकीत अमोनिया नाही. ट्यूबलाइटखाली एकट्या नळीकडे बघून मी कितीतरी वेळा नसलेला अमोनिया पाहिला आहे.

तिसऱ्या नळीत नळाचं पाणी तपासा. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातच कधीकधी अमोनिया असतो. तसं असेल तर तुम्ही पाणी बदलता तेव्हा तो स्वतःच्या हाताने टाकीत ओतत असता.

पायरी तिसरी: आकडा वाचायला शिका

किट सहसा एकूण अमोनिया दाखवतं. हा पाण्यात दोन रूपांत असतो. एक अमोनियम, जो माशाला फारसा त्रास देत नाही. दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांतून थेट आत शिरतो. कोणतं रूप किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं.

लिटरला १ मिलिग्रॅम एकूण अमोनिया धरू. किटवर हेच १ पीपीएम असं लिहिलेलं असतं. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर त्यातला मुक्त अमोनिया ०.००६ मिलिग्रॅमच्या आसपास. पीएच ८ झाला की तोच ०.०५च्या वर जातो. पीएच ८ आणि पाणी ३० अंश, म्हणजे आपल्याकडच्या एप्रिल-मेची टाकी, तर ०.०७५. पीएच साडेआठ आणि ३० अंश असेल तर ०.२. मुक्त अमोनिया ०.०२च्या खाली राहावा असं साधारणपणे मानलं जातं. म्हणजे किटवर तोच हिरवा रंग असताना एका घरातले मासे मजेत पोहत असतात आणि दुसऱ्या घरातले मरत असतात. "माझ्याकडे एक पीपीएम होता, काही झालं नाही" असं कुणी सांगितलं तर त्यांना आधी पीएच विचारा.

पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत धरणांचं पाणी मिळतं, ते साधारण मऊ. मराठवाड्यात, विदर्भात आणि शहरांच्या कडेच्या सोसायट्यांत बोअरचं जड पाणी, त्याचा पीएच बहुतेक वेळा आठच्या आसपास किंवा वर. बोअरवाल्यांना अमोनियात अजिबात सूट नाही. धरणवाल्यांचा धोका वेगळा आहे आणि तो जास्त फसवा आहे. त्यावर सातव्या पायरीत बोलू.

पायरी चौथी: आज रात्री काय करायचं

किट हिरवं झालं आहे, मासे वर येत आहेत, अशा वेळी पुढच्या क्रमाने जा.

खाणं बंद करा. मोठा, निरोगी मासा पाच-सहा दिवस उपाशी सहज राहतो. आपल्याला ते बघवत नाही, पण प्रत्येक दाणा आत्ता अमोनियाच आहे.

हवा वाढवा. एअर पंप जास्तीत जास्त वेगाने लावा, फिल्टरचं तोंड पृष्ठभागाकडे वळवा. कल्ले भाजलेल्या माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि जिवाणूंनाही लागतो.

मेलेलं काही आहे का बघा. मासे मोजा, नुसते बघू नका. लाकडाच्या मागे, फिल्टरच्या खाली, झाडांच्या मुळाशी हात घाला. सकर मासा मेला तर दोन-दोन दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. मोठी गोगलगाय मेली तर तिचा वास टाकीचं झाकण उघडताच येतो आणि तिच्या आकाराच्या मानाने ती पाणी फारच नासवते.

आता पाणी. टाकीचा पीएच आणि नळाचा पीएच, दोन्ही मोजा. जवळपास सारखे असतील तर निम्मं पाणी बदला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजून गरज वाटली तर पुन्हा. दोन्हींत मोठा फरक असेल, विशेषतः टाकीचा पीएच साडेसहाच्या खाली असेल, तर बादली खाली ठेवा आणि आधी सातवी पायरी वाचा.

नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन घालायचंच. दुकानात मिळणारे ते पांढरे खडे बहुतेक वेळा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट असतात. ते क्लोरीन मारतात, अमोनियाला हात लावत नाहीत. अमोनिया तात्पुरता बांधून ठेवणारे वेगळे द्रव मिळतात, लेबलवर तसं लिहिलेलं असतं. अडीनडीला ते जवळ असावेत. ते वापरल्यावरही किट हिरवं दाखवू शकतं, कारण बांधलेला अमोनियाही मोजला जातो. नेस्लर या दुसऱ्या पद्धतीचं किट तर अशा द्रवांनंतर चुकीचाच रंग दाखवतं.

जुनी टाकी असलेला मित्र जवळपास असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरता, काळपट स्पंज मागून आणा. टाकीच्याच पाण्यात बुडवून, ओला ठेवून आणायचा आणि लगेच आपल्या फिल्टरमध्ये बसवायचा. बाटलीतल्या कुठल्याही औषधापेक्षा याचा मला जास्त अनुभव आला आहे. फक्त त्याच्या टाकीत रोगराई नाही ना, हे विचारून घ्या.

फिल्टर धुवायचा नाही. आज तर अजिबात नाही.

आणि मीठ. "चमचाभर खडे मीठ टाका" हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. मीठ नायट्राइटच्या विषबाधेत खरोखर कामी येतं, कारण त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत जाऊ देत नाही. अमोनियावर त्याचा काही उपयोग नाही. फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे ठेवले असतील तर मीठ चक्क घातक ठरतं: गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनिया शोषून घेतं आणि मीठ घातलं की शोषलेला अमोनिया परत पाण्यात सोडतं.

पायरी पाचवी: आवक कुठून वाढली

मासे जरा स्थिरावले की वही घ्या आणि गेल्या दोन आठवड्यांत काय काय बदललं ते लिहा. नव्वद टक्के वेळा उत्तर याच यादीत असतं असं मी म्हणेन, आकडा अंदाजाचा आहे पण विश्वास खरा आहे.

सगळ्यात आधी खाणं. एक हिशोब करून बघा. फुटांत लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची केली की घनफूट मिळतात, एका घनफुटात साधारण २८ लिटर पाणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत ५६ लिटर. वाळू आणि दगड वजा जाता ५० धरा. आता ४० टक्के प्रथिनं असलेले दाणे घ्या. एक ग्रॅम दाण्यांत ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. हा ग्रॅम कुणी खाल्लाच नाही आणि पूर्ण कुजला तर ५० लिटरला लिटरमागे जवळपास १.३ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन, म्हणजे अमोनियातला नायट्रोजन, तयार होतो. एक ग्रॅम! स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा मोजून बघा किती दिसतो ते. काकूंच्या एका चिमटीत तेवढं सहज होतं.

म्हणून दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा, आणि आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. घरातल्या तिघांना तीन वेळा खाऊ घालायची हौस असेल तर दिवसाचा वाटा सकाळीच एका झाकणात काढून ठेवा. झाकण रिकामं, म्हणजे मासे जेवले.

नवे मासे हे दुसरं कारण. जिवाणूंची संख्या आजवरच्या खाण्याइतकीच असते, शिलकीत फारशी नसते. दहा छोट्या टेट्रा माशांच्या टाकीत एकदम चार गोल्डफिश सोडले तर जिवाणूंना वाढायला दिवस लागतात, मासे मात्र पहिल्या तासापासून अमोनिया सोडतात. एका वेळी दोन-तीन मासे, मग दोन आठवडे थांबा. मासे मोठे होतात हेही आपण विसरतो. बोटभर ऑस्कर मासा वर्षभरात वीतभर होतो. टाकी तीच, फिल्टर तोच, घाण कितीतरी पट.

बाकी किरकोळ: प्रकाश बंद राहून झाडं कुजणं, वाळूखाली महिनोन्महिने साठलेला गाळ एकदम ढवळणं, नवीन लाकडावर दाणे अडकणं. हे सगळं दिसतं आणि निस्तरता येतं.

पायरी सहावी: जिवाणू कुणी मारले

इथे आपलेच हात असतात, आणि तेही स्वच्छतेच्या ओढीने.

फिल्टरचा स्पंज घाण दिसतो म्हणून नळाखाली धरायचा, साबण लावायचा, उन्हात वाळवायचा. आपल्या घरांत स्वच्छतेची कल्पना अशीच आहे आणि ताटवाट्यांना ती योग्य आहे. पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणू मारण्यासाठीच घातलेलं असतं. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी आलं की क्लोरीनचा डोस वाढवतात, तेव्हा बादलीला ब्लीचिंगचा वास येतो. सोसायटीच्या टाक्या साफ झाल्या की पहिले दोन दिवस असाच वास असतो. टँकरवाला कधी किती पावडर घालेल त्याचा नेम नसतो.

स्पंज असा धुवायचा: पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी एका बादलीत ठेवा, त्यात स्पंज दोन-तीनदा हलका पिळा, पुन्हा जागेवर. पाणी त्यातून नीट वाहायला लागलं की झालं. तो पांढरा होता कामा नये. सिरॅमिक रिंगा नुसत्या खळखळून घ्या. स्पंज फाटला आणि नवा घ्यायचा असेल तर जुन्याशेजारी नवा ठेवून महिनाभर दोन्ही चालवा, मगच जुना काढा. ज्या दिवशी फिल्टर धुवाल त्या दिवशी वाळू उपसू नका, काच घासू नका. कामं वेगवेगळ्या आठवड्यांत वाटून टाका.

दुसरी गोष्ट वीज. लोडशेडिंग ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे सांगायला नको. फिल्टर बंद पडला की आतलं पाणी थांबतं आणि त्यातला प्राणवायू जिवाणूच काही वेळात संपवतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन संपवायला त्यांना साडेचार मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू लागतो. बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये काही तासांतच ते गुदमरायला लागतात, गाळ कुजायला लागतो, आणि वीज परत आली की ते सडकं पाणी पंप थेट टाकीत फेकतो. वीज दोन तासांच्या वर गेली तर कॅनिस्टर उघडा, स्पंज आणि रिंगा टाकीच्या पाण्यात मोकळ्या ठेवा. उशीर झाला असेल तर चालू करण्याआधी डब्यातलं पाणी फेकून द्या. साधा स्पंज फिल्टर आणि पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप, एवढ्यावर रात्र निघते. मी माझ्या मोठ्या टाकीत मुख्य फिल्टरबरोबर एक स्पंज फिल्टर कायम चालू ठेवतो, फक्त याच भरवशासाठी.

तिसरी गोष्ट औषधं. पांढरे ठिपके आले की निळं औषध, शेपूट झडली की पिवळं औषध, असं सरळ टाकीत ओतायची पद्धत आहे. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू, ते या जिवाणूंना बाधतं. काही प्रतिजैविकंही बाधतात. आजारी मासा वेगळ्या टबात, एअर पंप लावून ठेवा आणि औषध तिथे द्या. टबात फिल्टर नसतो, म्हणून तिथलं पाणी रोज थोडं बदला आणि बदललेल्या पाण्यापुरतं औषध पुन्हा घाला.

उन्हाळाही लक्षात असू द्या. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला साधारण ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.५. मासे जास्त खातात, जास्त श्वास घेतात, जिवाणूंना प्राणवायू कमी पडतो आणि मुक्त अमोनियाचं प्रमाण वाढतं. नागपूर-अकोल्याकडे एप्रिलपासून खाणं कमी करा, झाकण उघडं ठेवा, पाण्यावर छोटा पंखा सोडा.

पायरी सातवी: म्हाताऱ्या टाकीचा सापळा

हा भाग सावकाश वाचा. माझ्या मते जुन्या टाकीवाल्यांचे मासे सगळ्यात जास्त इथे जातात.

जिवाणू अमोनिया संपवतात तेव्हा आम्ल तयार होतं. हे आम्ल पाण्यातले बायकार्बोनेट क्षार झेलतात. यालाच छंदातली माणसं केएच म्हणतात. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनामागे सात मिलिग्रॅमहून थोडे जास्त क्षार खर्च होतात. पाणी नियमित बदललं तर नव्या पाण्यातून ते भरून निघतात. पण समजा पाणी धरणाचं, मुळात मऊ. आपण दोन-तीन महिने पाणी बदललं नाही, नुसतं आटलं तेवढं वर टाकत राहिलो, आणि तेही आरओचं, "शुद्ध" म्हणून. आरओत क्षार जवळपास नसतातच. मग केएच संपतो आणि पीएच घसरायला लागतो. साडेसहाच्या खाली जिवाणू मंदावतात, सहाच्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साठायला लागतो.

आणि मासे? ते ठीक दिसतात. कारण इतक्या आम्लधर्मी पाण्यात जवळपास सगळा अमोनिया निरुपद्रवी अमोनियमच्या रूपात असतो. टाकी शांत, पाणी स्वच्छ, मालक खूश.

मग दिवाळीची साफसफाई निघते आणि आपण अर्धं पाणी बदलतो. आकडे बघा. समजा एकूण अमोनिया ४, पीएच ६.२, तापमान २८. मुक्त अमोनिया ०.००५ देखील नाही. अर्धं पाणी बदललं, एकूण अमोनिया २ झाला, म्हणजे निम्मा. पण नळाच्या पाण्याने पीएच ७.८ झाला. आता मुक्त अमोनिया ०.०८५च्या घरात. विष निम्मं केलं असं वाटतं, प्रत्यक्षात ते एकोणीस पट झालं. रात्री मासे मरतात आणि दोष "नळाच्या खराब पाण्याला" जातो. मी त्या गणपतीनंतर जे केलं ते बऱ्याच अंशी हेच होतं, कारण त्याआधीचे दोन महिने मी फक्त आरओचं पाणी वर टाकत होतो.

अशी टाकी सापडली तर खाणं थांबवा आणि रोज फक्त दहा टक्के पाणी बदला. रोज आधी पीएच आणि अमोनिया मोजा. पीएच दिवसाला पाव-अर्ध्यापेक्षा जास्त चढू देऊ नका. अमोनिया बांधणारं द्रव असेल तर ते वापरायची हीच वेळ. साधारण आठ-दहा दिवसांत अमोनिया उतरतो, पीएच वर येतो आणि जिवाणू पुन्हा कामाला लागतात.

अमोनिया शून्यावर आल्यावर, त्याआधी नाही, केएच टिकवायची सोय करा. मूठभर शिंपल्यांचा चुरा स्वच्छ धुवून जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवला तर तो हळूहळू विरघळत क्षार देत राहतो. किंवा खाण्याचा सोडा: १०० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, केएच लिटरला साधारण ३० मिलिग्रॅमने वाढवतो. वाटीभर पाण्यात विरघळवून दोन-तीन दिवसांत विभागून घाला. खाण्याचाच सोडा, धुण्याचा नाही, बेकिंग पावडरही नाही. बोअरच्या पाण्याच्या टाकीला यातलं काहीच सहसा लागत नाही.

पायरी आठवी: रोजचं वळण

दर आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी, क्लोरीन मारून, टाकीइतक्याच तापमानाचं. महिन्यातून एकदा टाकीच्या पाण्यात स्पंज. दर पंधरवड्याला पीएच, दर महिन्याला अमोनिया, आणि काही बदललं की लगेच. तारखेसह वहीत लिहा. पीएच ७.४ वरून ७.१, मग ६.८ असा उतरताना दिसला की अमोनिया यायच्या कितीतरी आधी तुम्हाला कळलेलं असतं.

रोज सकाळी टाकीचा दिवा लावताना मासे मोजायची सवय मी लावून घेतली आहे. एक कमी दिसला तर चहा नंतर.

माझा वाचलेला चौथा एंजल पुढे तीन वर्षं जगला. आता गणपतीला जाताना काकूंना किल्लीबरोबर गोळ्यांची डबी देतो, सोम ते रवि असे सात कप्पे असलेली. दाणे फक्त बुधवारच्या आणि शनिवारच्या कप्प्यात असतात, दाण्यांचा मोठा डबा आमच्या कपाटात कुलपात. पहिल्या वर्षी काकूंनी फोन करून विचारलं, "अरे, बाकीच्या दिवशी काय द्यायचं बिचाऱ्यांना?" म्हटलं, काकू, बाकीच्या दिवशी फक्त मासे मोजा, नऊ भरले की मला सांगा. तेव्हापासून रोज सकाळी कोकणात त्यांचा मेसेज येतो: "नऊ."